'लॉर्ड' म्हणजे भाकरीचा राखणदार? आणि मग अनुवादात 'अन्नदाता' लिहावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एका इंग्रजी ऐतिहासिक कथेचा तुम्ही मराठी अनुवाद करताय. त्यातला गढीवरचा म्हातारा चाकर मालकाला उठताबसता 'माय लॉर्ड' म्हणतो. मोबाइलवर फिरत आलेल्या एका मजकुरात तुम्ही वाचलं, की 'लॉर्ड' म्हणजे मुळात 'भाकरी राखणारा' आणि 'लेडी' म्हणजे 'कणीक मळणारी'. हे खरं आहे का, आणि खरं असेल तर त्या म्हाताऱ्याच्या तोंडी 'अन्नदाता' घालावं का, असं तुम्ही विचारलंय.

पहिल्याचं उत्तर हो, दुसऱ्याचं बहुधा नाही. या 'बहुधा'त खरी अडचण आहे. शब्द कुठून आला हा एक प्रश्न आणि बोलणाऱ्याच्या मनात तो उच्चारताना काय होतं हा दुसरा. तुम्ही विचारलाय पहिला, पण अनुवादात तुम्हाला छळणार आहे तो दुसरा.

अशा फिरत्या मजकुरांबद्दल माझा अनुभव वाईट आहे. 'न्यूज' म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथची आद्याक्षरं, हे दर सहा महिन्यांनी कुणीतरी मला पाठवतंच. (ते 'न्यू'चं अनेकवचन आहे, नव्या गोष्टी, बस.) पंचवीसेक वर्षं अनुवाद आणि कोशाचं काम केल्यावर एक सवय लागलीय: शब्दाची गोष्ट जितकी गोंडस, तितकं जास्त चाचपून बघायचं. मी तीन गोष्टी बघतो. ते जुनं रूप खरंच कुठे लिहिलेलं सापडतं का? तिथून आजच्या रूपापर्यंत शब्द जसा झिजला, तसेच त्या भाषेतले इतर शब्दही झिजलेत का? आणि शेजारपाजारच्या भाषांत त्याचे भाऊबंद आहेत का? 'लॉर्ड' तिन्ही विषयांत पास होतो. 'लेडी'ला एका विषयात ग्रेस मार्क द्यावे लागतात, ते पुढे सांगतो.

इंग्लंडमध्ये फ्रान्सकडून नॉर्मन राज्यकर्ते यायच्या आधी, म्हणजे 1066 पूर्वी, जी इंग्रजी होती ती आजच्या इंग्रजाला अर्थ लावून वाचता येत नाही, शिकावी लागते. त्या भाषेत भाकरीला किंवा पावाला 'ह्लाफ' म्हणत. तोच आजचा 'लोफ'. राखणदाराला म्हणत 'वेअर्द'. तो आजच्या 'वॉर्ड', 'वॉर्डन'मध्ये आहे आणि 'स्टुअर्ड'च्या शेपटीतही आहे. दोन्ही जोडून 'ह्लाफवेअर्द', भाकरीचा राखणदार. जुन्या लिखाणात बहुतेक ठिकाणी मात्र आधीच आखडलेलं 'ह्लाफोर्द' हेच रूप दिसतं, आणि त्यातल्या 'फ'चा उच्चार 'व'कडे झुकलेला होता. पूर्ण जोडशब्द सापडतो तो बायबलातल्या स्तोत्रांच्या एका जुन्या इंग्रजी पद्य भाषांतरात. ओळ योसेफाबद्दलची आहे: राजाने त्याला आपल्या घरावर 'ह्लाफवेअर्द' नेमलं. लॅटिनमध्ये तिथे 'दोमिनुस', म्हणजे स्वामी, असा शब्द आहे. आता योसेफ कोण, तर मिसर देशात सुकाळाच्या सात वर्षांत धान्याची कोठारं भरून दुष्काळात ती उघडणारा कारभारी. भाषांतरकाराने हे मनात धरून शब्द निवडला की सहज लिहून गेला, ते सांगता येणार नाही. पण इतकी चपखल जागा शोधूनही मिळाली नसती.

पुढची झीज सरळ आहे. सुरुवातीचा 'ह' गेला. तो 'ह्लाफ'चा 'लोफ' होताना गेला, 'ह्रिंग'चं 'रिंग' आणि 'ह्नुतु'चं 'नट' होतानाही गेला. मधला 'व' गेला. तो 'हेआफोद'चं 'हेड' होतानाही गेला. 'ह्लाफोर्द'चं 'लोवर्ड', 'लोवर्ड'चं 'लॉर्ड'. यात नवल वाटायचं कारण नाही. सुवर्णकाराचा सोनार, कुंभकाराचा कुंभार, देवकुलाचं देऊळ आणि मातृगृहाचं माहेर आपणही केलंच की. माहेरी निघालेली मुलगी 'मातृगृह' असा विचार करत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

भाऊबंदांचं म्हणाल तर जर्मनमध्ये 'लाइब', जुन्या गॉथिकमध्ये (जर्मन-इंग्रजीची, म्हणजे जर्मानिक कुळातली, आता लुप्त झालेली भाषा) 'ह्लाइफ्स', आणि रशियन लोकांनी जर्मानिक शेजाऱ्यांकडून घेतलेला 'ख्लेब'. इंग्रजीत पुढे 'ब्रेड' या शब्दाने 'ह्लाफ'ची जागा घेतली आणि 'लोफ'च्या वाट्याला फक्त अख्खा भाजलेला गोळा उरला. शब्दांचे अर्थ असे आक्रसतात. 'डिअर' म्हणजे एके काळी कुठलंही जनावर, आज फक्त हरीण. आपल्या 'मृगा'चंही तेच झालं. 'मृगेंद्र' म्हणजे हरणांचा राजा नव्हे, सिंह आहे तो.

आता जरा थांबून एक कायदा बघू, कारण भाकरीचा राखणदार ही कल्पना नुसती कोशातली नाही हे तिथे दिसतं. इंग्लंडच्या आग्नेय टोकाच्या केंट राज्याचा राजा एथेलबर्ट याने इसवी सन 600 च्या सुमारास कायदे लिहून घेतले. इंग्रजी भाषेतलं आज हाताशी असलेलं सर्वांत जुनं लिखाण म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. आपल्याला ते मिळतं रॉचेस्टरच्या बाराव्या शतकातल्या हस्तलिखितात. बहुतेक कलमं एका ओळीची. कुणाचा दात पाडला तर किती, अंगठा तोडला तर किती, असं दंडाचं दरपत्रकच आहे ते. त्यात एक कलम आहे: कुणी सामान्य शेतकऱ्याच्या 'ह्लाफ-ॲता'ला ठार मारलं, तर सहा शिलिंग भरावेत. 'ह्लाफ-ॲता' म्हणजे शब्दशः भाकरी-खाऊ. घरातला आश्रित, चाकर, जो त्या घरची भाकरी खातो तो. त्याच कायद्यात स्वतंत्र माणसाच्या जिवाची साधारण भरपाई 100 शिलिंग आहे. म्हणजे माणसाची किंमत ठरत होती ती तो भाकरी देणाऱ्या बाजूला आहे की खाणाऱ्या बाजूला, यावर. एकीकडे भाकरी राखणारा, दुसरीकडे भाकरी खाणारा, आणि मधे कोठाराची किल्ली.

हे मी वर्गात सांगतो तेव्हा कुणीतरी हटकून म्हणतं, "ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी." बरोबर आहे, भाव तोच. पण मला त्याहून जवळची वाटते ती संस्कृतातली जोडी. 'भृ' म्हणजे धारण करणं, पोसणं. पोसतो तो 'भर्ता', ज्याला पोसायचं तो 'भृत्य', जिला पोसायचं ती 'भार्या'. जात्यावरच्या ओव्यांतला 'भ्रतार' तिथलाच. मालक, नवरा आणि चाकर ही तिन्ही नाती एका ताटाभोवती मांडलेली. सावध मात्र राहा: 'भर्ता'वरून 'लॉर्ड' आला असं कुणी पाठवलं तर पुढे ढकलू नका. दोन समाजांनी आपापल्या चुलीपाशी बसून एकच गोष्ट पाहिली, एवढंच.

मग 'लेडी'. जुनं रूप 'ह्लॅफदिये'. पुढचा भाग 'ह्लाफ' हे पक्कं. मागचा 'दिये' सुटा असा कुठे मिळत नाही, म्हणून ग्रेस मार्क. पण 'दॅये' असा एक शब्द मिळतो, मळणारी किंवा घरातली कामकरीण या अर्थाचा, आणि 'डो', म्हणजे मळलेली कणीक, हा त्याच घरातला. त्यामुळे 'कणीक मळणारी' हा अर्थ बहुतेक अभ्यासक मान्य करतात, मीही करतो. गंमत अशी की प्रत्यक्ष मळणारी 'दॅये' वेगळी राहिली. तिने पुढे दुधाकडे मोर्चा वळवला आणि 'डेअरी' या शब्दात जाऊन बसली. नावात कणीक असलेली बाई मात्र गढीची मालकीण झाली. घरात पोळ्या करायला मावशी येतात आणि 'आमच्याकडे पोळ्या मऊ होतात' हे श्रेय घरमालकीण घेते, तो प्रकार जुनाच म्हणायचा.

या 'डो'च्या मुळाशी जी क्रिया आहे, लिंपणं, मळणं, आकार देणं, ती संस्कृतात 'दिह्' या धातूत आहे. त्यावरून आपला 'देह', म्हणजे लिंपून घडवलेला आकार. 'संदेह'ही तिथलाच, सगळं एकत्र लिंपलं गेलं की काय कुठलं ते कळेनासं होतं. जुन्या इराणी भाषेत याच मुळापासून 'भोवताली भिंत घातलेली बाग' असा शब्द झाला. तो ग्रीकांमार्फत इंग्रजीत 'पॅरडाइज' झाला आणि अरबी-फारसीतून आपल्याकडे 'फिरदौस' म्हणून आला. 'लेडी' आणि 'देह' हे सख्खे नव्हेत, पण दूरच्या पंगतीत एकत्र बसतील एवढं नातं आहे.

तर एवढं हाती आलं: मूळ खरं आहे, पुरावा आहे, आणि त्यामागे तशी समाजरचनाही होती. आता माहेरचं ते वाक्य आठवा. जुनी इंग्रजी बोलणारे लोक 'ह्लाफोर्द' म्हणताना भाकरीचा विचार करत होते का? मला वाटतं, लवकरच करेनासे झाले. त्यांची काव्यं बघा. तिथे राजाची थोरवी गाताना त्याला 'कडी वाटणारा', 'सोन्याचा मित्र' म्हणतात. शूर माणसाला मालकाकडून हवं असतं ते सोन्याचं कडं. भाकरी शब्दात अडकून पडलेली, पण कुणाच्या लक्षात नाही. आल्फ्रेड राजाच्या (871 ते 899) कायद्यांत बहुतेक गुन्ह्यांना पहिल्या खेपेला दंड भरून सुटका आहे, पण आपल्या 'ह्लाफोर्द'शी केलेल्या दग्याला नाही. तिथेही कारण दिलंय ते ख्रिस्ताशी दगा करणाऱ्या जूडासचं. आपण अशा वेळी 'खाल्ल्या मिठाला जागला नाही' म्हटलं असतं. त्यांना तो अन्नाचा धागा सुचलेला दिसत नाही, आणि तोही 'ह्लाफ' हा शब्द भाकरीसाठी रोज वापरात असताना.

आठशे-हजार वर्षं पुढे आलात की तर प्रश्नच मिटला. तोवर 'लॉर्ड' म्हणजे देव, उमराव, न्यायाधीश, नवरा, जमीनमालक, काहीही. हा शब्द जहाजात बसून आपल्याकडे आला तेव्हा आपण त्याचा 'लाट' केला. सेनापती तो 'जंगी लाट', आणि आजही फुशारकी मारणाऱ्याला 'मोठा लाटसाहेब लागून गेलास!' असं ऐकवलं जातं. 1848 मध्ये लॉर्ड डलहौसीने सातारचं राज्य खालसा केलं, तेव्हा भाकरी राखणाऱ्याने दुसऱ्याची भाकरी काढून घेतली, असा विनोद आज मी करू शकतो. डलहौसीला तो कळला नसता.

याच ओघात एक सांगतो, तुमच्या कामाचं नाही, पण मला आवडतं म्हणून. 'कंपनी' हा शब्द लॅटिनमधल्या 'कॉम', म्हणजे सोबत, आणि 'पानिस' यांवरून आला. 'पानिस' म्हणजे पाव. एका पावात वाटेकरी असतात ते 'कंपॅनियन'. गॉथिकमध्येही सोबत्याला 'ह्लाइफ्स' पोटात असलेलाच शब्द होता आणि लॅटिनवाल्यांनी बहुतेक तशीच बांधणी उचलली. म्हणजे कंपनी सरकार आणि तिचा लाटसाहेब, दोघांच्याही नावात भाकरी. आणि आपण वड्याबरोबर खातो तो 'पाव' पोर्तुगीजांमार्फत त्याच 'पानिस'वरून आला. आपल्या गोव्यात आणि तळकोकणात गावाचा राखणदार असतो, त्याला रोट देतात. तिकडचा राखणदार भाकरी देणारा, इकडचा घेणारा. असो.

आता तुमच्या चाकराकडे येतो.

'अन्नदाता' हा खड्डा मी स्वतः अनुभवलाय. सुरुवातीच्या काळात एका कादंबरीच्या अनुवादात मला हे मूळ नुकतंच कळलेलं, त्यामुळे अंगात आलं होतं. उमरावाच्या नोकराच्या तोंडी मी जागोजाग 'अन्नदाते' घातलं. मुद्रितं वाचणाऱ्या काकांनी समासात पेन्सिलने लिहिलं, "हा जमीनदार आहे की शेतकरी?" मी आधी चिडलो, मग कळलं. आजच्या मराठीत अन्नदाता म्हणजे शेतकरी. वर्तमानपत्रांत, भाषणांत, फलकांवर तोच. 'पोशिंदा'चंही तसंच, 'जगाचा पोशिंदा' म्हटलं की डोळ्यांसमोर बळीराजा येतो. इंग्रजीने अन्नाचा शब्द कोठाराची किल्ली कमरेला असलेल्या माणसाला दिला, आपण तो पिकवणाऱ्याला दिलाय. वाचकाच्या डोक्यात ही गुंतागुंत एका संबोधनासाठी कशाला? सगळी 'अन्नदाते' काढली आणि कुणाचंही काही बिघडलं नाही.

मी तुमच्या जागी असतो तर 'धनी' वापरलं असतं. मालक, पोसणारा आणि खेड्यातल्या बाईच्या तोंडी नवरासुद्धा, हे सगळं या एका शब्दात आहे, जसं 'लॉर्ड'मध्ये होतं. 'धन्याला कण्या आणि चाकराला मलिदा' या म्हणीत तर ताटंसुद्धा मांडून ठेवलीत. म्हातारा, मुरलेला, थोडा जिभेचा सैल चाकर असेल तर 'धनी' फार गोड बसतं. तोच चाकर दरबारी रीतीचा, कमरेत वाकणारा असेल तर 'सरकार' बरं. 'हुजूर' मी टाळतो, त्याने कथा इंग्लंडमधून उचलून थेट मोगलाईत जाते. कथा कुठल्या शतकातली आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. ती नॉर्मनपूर्व असेल तर 'धनी' नक्की. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली असेल आणि मालकाला ती पदवी खरोखरच असेल, तर निवेदनात 'लॉर्ड अमुक' तसंच ठेवा आणि संबोधन तेवढं मराठी करा. दोन्ही ठिकाणी एकच शब्द हवा हा हट्ट नको.

बाकीच्या जागा पटकन सांगतो. प्रार्थनेत 'प्रभू'. बायबलचं अवतरण आलं तर स्वतः भाषांतर करू नका, छापील मराठी बायबल उघडा. 1611 च्या इंग्रजी बायबलात मोठ्या अक्षरांत छापलेल्या 'लॉर्ड'च्या जागी तिथे 'परमेश्वर' असतो, 'प्रभू' नव्हे, आणि त्यामागे हिब्रू मूळ आहे. कोर्टात 'मिलॉर्ड' तसंच ठेवा, आपल्या वाचकाला ते नाटक-सिनेमातून पाठ आहे. (बार कौन्सिल ऑफ इंडियाने 2006 मध्येच 'युवर ऑनर' किंवा 'सर' म्हणा असं सुचवलंय, पण सवय जाते कुठे.) 'लँडलॉर्ड' म्हणजे घरमालक, तिथे डोकं लावू नका. आणि कपिलच्या संघाने 1983 मध्ये विश्वचषक उचलला ते 'लॉर्ड्स' उमरावांचं नव्हे, थॉमस लॉर्ड नावाच्या गृहस्थाचं. नोकराच्या गप्पांत क्रिकेट आलं तर उपयोगी पडेल.

'लेडी'ला मात्र वेळ द्या, ती 'लॉर्ड'पेक्षा निसरडी आहे. 'लॉर्ड' वरच्या पायरीवरून फारसा उतरला नाही. 'लेडी' उतरत उतरत लोकलच्या लेडीज डब्यापर्यंत आली. पण सगळीकडे नाही: 'लेडीबर्ड' या किड्याच्या नावातली लेडी अजून येशूची आई मारिया आहे. आपल्या 'बाई'ने असाच प्रवास केलाय. जिजाबाई, अहिल्याबाईंच्या नावातली बाई, शाळेतल्या बाई आणि 'आज बाई आली नाही'मधली बाई. अक्षरं तीच, पण मान किती ते वाक्य ठरवतं. त्यामुळे तुमच्या कथेतली मालकीण चाकराच्या तोंडी 'बाईसाहेब' होईल, शेजारणीच्या तोंडी 'बाई', आणि तिचा तिरस्कार करणाऱ्या जावेच्या तोंडी इंग्रजीत 'हर लेडीशिप' असेल तर मराठीत 'राणीसरकार', तेही नाक मुरडून.

एक शेवटची शक्यता. मूळ लेखकानेच कथेत कुठे भाकरी आणि 'लॉर्ड' यांचा खेळ केला असेल, दुष्काळात कोठार बंद ठेवणारा मालक वगैरे, तर गोष्ट वेगळी. मग तळटीप न देता तो खेळ मराठीत उभा करावा लागेल. 'धनी' आणि 'धान्य' यांचा कानाला लागणारा सारखेपणा तिथे कामाला येऊ शकतो. तसा प्रसंग असेल तर त्याच्या पुढच्यामागच्या दहा ओळी इथे द्या, बघू काय होतं ते.